कप्पी मिळेना, शीड चढेना

खाडीकाठी एक खोपी. खोपीत धाकू मेस्त्री. मेस्त्रींनी केलं गलबत. केवढं? वीतभर! पण सगळं जुन्या, खऱ्या गलबतासारखं. ही डोलकाठी. हे शीड. आणि टोकाला मुगाएवढी लाकडी कप्पी. कप्पीतून दोर ओढला, की शीड वर. सर्रर्र!

मेस्त्रींनी गलबत डबक्यात सोडलं. सोडता सोडता, टिंग! कप्पी निसटली. टुण टुण टुण, पडली खेकड्याच्या बिळात. शीड पडलं. गलबत गेलं मधोमध, आणि थांबलं.

गलबतात कोण होतं? इवलासा तिळू! मिरी मुंगीचा धाकटा भाऊ.

"ताई गं!" तिळू रडला.

"डरांव!" पलीकडे बेडूक बोलला.

बाप रे! मिरीचे पाय लटपट, ऊर धडधड. तरी चालली तुरुतुरु.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, शीड चढवा.
शीड चढेना, तिळू घरी येईना!"

"कोण तिळू?" मेस्त्रींना दिसेचना. चष्मा होता कपाळावर! "सोडलेलं गलबत उचलू नये, बाई. शिडानंच घरी यावं. कप्पी आण, मग चढवतो."

"मणी ओवा ना!"

"छट्! जुन्या गलबताला मणी होता होय? कप्पीच हवी."

डरांव! बेडूक एक उडी जवळ.
पाय लटपट, ऊर धडधड. तरी चालली तुरुतुरु.

"खेकडेदादा, खेकडेदादा, कप्पी द्या.
कप्पी मिळेना, शीड चढेना.
शीड चढेना, तिळू घरी येईना!"

"दारात कोंबडी आहे. मी नाही निघत!"

डरांव! बेडूक आणखी एक उडी जवळ.
कोंबडी तर मुंग्या टिपते! पाय लटपट, ऊर धडधड. तरी चालली तुरुतुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, दारातून हल.
कोंबडी हलेना, खेकडा निघेना.
खेकडा निघेना, कप्पी मिळेना.
कप्पी मिळेना, शीड चढेना.
शीड चढेना, तिळू घरी येईना!"

"दाणे दे. मग हलते. नाहीतर तुलाच टिपते!"

डरांव! बेडूक आणखी एक उडी जवळ.
पाय लटपट, ऊर धडधड. तरी चालली तुरुतुरु.

"काकू, काकू, दाणे टाका.
दाणे पडेनात, कोंबडी हलेना.
कोंबडी हलेना, खेकडा निघेना.
खेकडा निघेना, कप्पी मिळेना.
कप्पी मिळेना, शीड चढेना.
शीड चढेना, तिळू घरी येईना!"

मेस्त्रीकाकू सूप धरून उभ्या. "दाण्यांत कोंडा आहे गं. वारा पडलाय, कोंडा उडत नाही. वारा आण."

डरांव! बेडूक अगदी गलबतापाशी!
वारा झोपला होता माडाच्या शेंड्यावर. पाय लटपट, ऊर धडधड. तरी चढली तुरुतुरु.

"वारेबुवा, वारेबुवा, वाहा.
कोंडा उडेना, दाणे पडेनात.
दाणे पडेनात, कोंबडी हलेना.
कोंबडी हलेना, खेकडा निघेना.
खेकडा निघेना, कप्पी मिळेना.
कप्पी मिळेना, शीड चढेना.
शीड चढेना, तिळू घरी येईना!"

"मला खेळायला शीड हवं," वारा म्हणाला. "आधी शीड, मग वारा."

मिरी मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

"मला भीती वाटते हो!" मिरी रडली. "आधी वाहा. शीड मी देते. मुंगीचा शब्द!"

"शब्द?"

"शब्द!"

आणि वारा वाहिला. फुर्रर्र!

वारा वाहिला, कोंडा उडाला.
कोंडा उडाला, दाणे पडले.
दाणे पडले, कोंबडी हलली.
कोंबडी हलली, खेकडा निघाला.
खेकडा निघाला, कप्पी मिळाली!

मिरीनं कप्पी डोक्यावर घेतली. पळाली तुरुतुरु. मेस्त्री पाण्यात उतरले. डुबुक! बेडूक लपला. मेस्त्रींनी कप्पी बसवली, दोर ओढला. सर्रर्र! शीड चढलं. मेस्त्री काठावर आले.

डरांव! बेडूक वर आला. त्यानं केला हा मोठ्ठा आ!

"वारेबुवा," मिरी ओरडली, "घ्या तुमचं शीड!"

फडाड! शीड फुगलं. गलबत निघालं सुळ्ळकन. बेडकाच्या तोंडात नुसतं पाणी!

गलबत काठाला लागलं. तिळू ताईच्या गळ्यात पडला. मेस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अरेच्चा! माझ्या गलबताला ते हाकणारा तांडेलसुद्धा आहे की!"

शीड उतरलं, दोर गुंडाळला, गोष्ट आली काठाला.