आरशांचा कुडता

नदीकाठच्या एका मठात एकदा एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा तरुण शिष्य राहत होते. माघात तिथे जत्रा भरे. जत्रेत चुकलेली मुले लोक मठाच्या दाराशी आणून सोडत, आणि त्यांना घरच्यांच्या हाती देण्याचे काम शिष्याकडे असे.

शिष्याची नजर तीक्ष्ण होती. पागोट्याच्या पिळावरून, लुगड्याच्या काठावरून समोरचा माणूस कोणत्या समाजाचा, हे तो दुरूनच सांगे. गुरुजी ऐकून घेत.

त्या वर्षी दुपारी कोणीतरी दीडदोन वर्षांचे एक रडते पोर दाराशी आणून सोडले. त्याच्या अंगात लमाणी कुडता होता, लाल, आरसे आणि कवड्या लावलेला. समोरच्या रस्त्याने लमाणांचा तांडा निघाला होता. शिष्याने पोर उचलले आणि धावत जाऊन शेवटच्या बैलगाडीतल्या म्हातारीच्या मांडीवर ठेवले.

"आजी, तुमचं पोर मागे राहिलं होतं."

पुढच्या गाडीतल्या कोणाचे तरी असेल, असे समजून म्हातारीने ते पोटाशी धरले.

थोड्या वेळाने विणकरांच्या आळीतली एक बाई धापा टाकत मठात आली. "गुरुजी, माझा म्हाळू इकडे आलाय का?"

"नाही ताई," शिष्य म्हणाला. "आज एकच पोर आलं होतं. लमाणांचं. ते त्यांना देऊन टाकलं."

"लाल कुडता होता त्याच्या अंगात? आरशांचा?"

शिष्याने मान हलवली.

"सकाळी घाटावर पाण्यात पडला हो तो. थंडीनं निळा पडला होता. शेजारी एक लमाण बाई होती, तिनं आपल्या लेकाचा कुडता दिला."

दाराशी बसलेला मिठाईवाला म्हणाला, "मग गेलं पोर. त्यांच्या हाती लागलेलं परत येतंय होय?"

"त्यांच्या हाती लागलं नाही," शिष्य म्हणाला. "मी दिलं."

गुरुजींनी दोन तरुणांना तांड्यामागे जायला सांगितले. त्यातल्या एकाने विचारले, "वाटेत कुडता बदलला असला, तर पोर ओळखायचं कशावरून?"

गुरुजी शिष्याकडे वळले. "डोळे मिट, आणि पोर कसं होतं ते सांग."

"ही काय परीक्षा घ्यायची वेळ आहे?" बाई कळवळून म्हणाली.

शिष्य डोळे मिटून सांगू लागला. गळ्याशी कवड्यांची ओळ होती. छातीवर मोठे आरसे, बाह्यांवर लहान. डाव्या खांद्याशी पिवळा दोरा उसवला होता.

"आणि चेहरा?"

पोर त्याच्या कडेवर रडले होते. त्याच्या मानेवर अजून त्या आसवांचा ओलावा होता. आणि जिथे चेहरा असायला हवा, तिथे त्याला काहीच दिसत नव्हते.

"डाव्या भुवईत खोक आहे," आईच म्हणाली. "रडताना खालचा ओठ मुडपतो." तरुण धावले.

ते दिवस कलताना परतले. सोबत घाटावरची ती लमाण बाई होती आणि तिच्या ओढणीत गुंडाळलेला म्हाळू. ती अर्ध्या वाटेवर त्यांना भेटली होती. तांड्याने मुक्काम करताच म्हातारीजवळचे पोर पाहून ती लगेच उलटी निघाली होती.

"कुडता आमचा होता, महाराज," ती शिष्याला म्हणाली. "पोरगं कुठं आमचं होतं?"

शिष्याने मान खाली घातली. गुरुजी हळूच म्हणाले, "पोशाख पाहण्यात दोष नाही. माणूस कुठून आला, हे तो सांगतो. पण तू पोशाख पाहिलास आणि पाहणं तिथंच थांबवलंस. पोर तुझ्या कडेवर होतं, तरी तुला भेटलंच नाही."

आई कुडता काढून परत करू लागली. लमाण बाईने तिचा हात धरला. "राहू दे. गार वारा सुटलाय."

आईच्या खांद्यावरून म्हाळू मागे पाहत होता. डाव्या भुवईत खोक होती. मग ती दोघे जत्रेच्या गर्दीत शिरली आणि शेकडो डोळे त्या चमकत्या आरशांकडे वळलेले शिष्याने पाहिले.