हाताशी चेंडू देणारी पोर

नदीच्या वळणावरच्या एका रानात एक म्हातारा वानर राहत असे आणि लहान लहान पिल्लांना चेंडू खेळायला शिकवत असे. खेळ तुम्हाला ठाऊक आहे, बाळांनो, टेनिसच तो. मोकळ्या माळावर दोन झाडांमध्ये वेल ताणायची. वेलीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. वडाचा चीक वाळवून केलेला चेंडू वेताच्या फळीने असा मारायचा, की समोरच्याला तो गाठता येऊ नये. माळ मात्र वाघिणीचा. तिने हूं म्हटलं तर शाळा, नाहीतर वानर आपला झाडावर.

त्या शाळेत एक मुंगसाची पोर आली. काय तिचे पाय, आणि काय तिची नजर! चेंडू कुठे पडणार हे तिला तो पडायच्या आधीच कळायचं. पहिल्याच दिवशी वानराने तिला वाघिणीच्या बछड्यासमोर उभं केलं. पोरीने बघितलं, डावा कोपरा मोकळा आहे. टाकला चेंडू तिथे. बछडा धावला, आपटला, आणि रडत आईकडे गेला. वाघिणीने नुसतं वानराकडे पाहिलं.

वानराने पोरीला बाजूला घेतलं. "हुशार आहेस गं. पण त्याला पळवतेस कशाला? त्याच्या हाताशी दे. त्याचा हात बसू दे जरा."

"मग मी जिंकायचं कधी, गुरुजी?"

"आधी द्यायला शीक. घ्यायला मग शिकवीन. आणि नदीपलीकडच्या रानाशी आपला सामना होतो ना, आपल्यातला एकच जातो त्याला, पुढच्या खेपेला तुलाच पाठवीन की!"

पोरीला तो सामना खेळायचा होता. दुसरं काही नको होतं तिला. ती सगळ्यांच्या आधी माळावर यायची. बछडा वाकडा मारो, उंच मारो, ती धावत जाऊन चेंडू गाठायची आणि अलगद त्याच्या फळीवर आणून ठेवायची. वाघीण म्हणायची, "माझं बाळ किती सुधारलं हो!" वानर म्हणायचा, "हिच्यासारखं देणारं या रानात कोणी नाही." ते ऐकून पोरीची शेपटी फुलायची.

घरी आई विचारायची, "काय गं, आज जिंकलीस का?"

"आमच्यात जिंकणं नसतं, आई. मी देते, तो मारतो."

"म्हणजे शिकायला जातेस की पंगतीत वाढपी म्हणून?"

"तुला खेळातलं काही कळत नाही," पोर फणकारली, आणि आई गप्प बसली. बसायला नको होतं, पण बसली. गुरुजींना उलट विचारायला कोण जाणार?

एक सामना झाला, दुसरा झाला. दोन्हीला बछडाच गेला, आणि हरून आला. हरणारच, बरं का. नदीपलीकडे त्याच्या हाताशी चेंडू कोण आणून देणार? पोरीने विचारलं की वानर म्हणे, "पुढच्या खेपेला." पोर पुन्हा चेंडू देत राही.

तिसऱ्या खेपेला निघायच्या सकाळी बछड्याने पोट तटतटेपर्यंत खाल्लं आणि तो उठेचना. वानराची गाळण उडाली. "जा गं, आज तूच जा," तो म्हणाला. पोर आनंदाने नाचली. आईसुद्धा तिच्याबरोबर नदी ओलांडून गेली.

समोर होतं एक रानमांजर. जाडजूड, पायांनी मंद. बघणारे म्हणाले, "ही पोर याला घामाघूम करणार." आणि खरंच, पोर एकही चेंडू सोडीना. कुठून कुठे पळायची! पण मांजराच्या बाजूला अर्धा माळ मोकळा पडलेला, आणि तिथे चेंडू काही जाईना. आई कडेला उभी राहून ओरडत होती, "अगं, मोकळ्यात टाक! मोकळ्यात!" पोरीलाही तो कोपरा दिसत होता. तिने डोळा कोपऱ्यावर ठेवला, फळी उचलली, आणि चेंडू गेला तो नेमका मांजराच्या हाताशी. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मांजर आपलं उभ्या उभ्या मारत राहिलं. पोरीची छाती भात्यासारखी हलू लागली, आणि ती हरली.

मांजर काही दुष्ट नव्हतं. जाताना ते म्हणालं, "ताई, तुझ्याशी खेळायला मजा येते हो. सगळं कसं हातात येतं."

परत आल्यावर वाघिणीने विचारलं, "काय झालं?"

"काय सांगू, बाईसाहेब! इतकं शिकवलं मी, पण हिच्यात जिद्दच नाही. जात्याच देणारी," वानर म्हणाला, आणि पोरीकडे वळला. "उद्या लवकर ये गं. बाळाचं पोट आता बरं आहे. खेळ बुडालाय त्याचा."

पोरीच्या आईने तोंड उघडलं. पण समोर वाघीण बसली होती.

संध्याकाळी सगळे गेले. पोर फळी घेऊन एकटीच वेलीपाशी उभी राहिली. पलीकडे कोणी नव्हतं. सगळा माळ मोकळा, हवा तिथे चेंडू टाकावा. तिने डाव्या कोपऱ्याकडे बघितलं, दात आवळले आणि मारला. चेंडू वेलीवरून गेला आणि बछडा रोज जिथे उभा राहत असे, बरोबर तिथेच पडला.

तात्पर्य : आपल्याला कोणाच्या सोयीसाठी शिकवलं जातंय, हे शिकतानाच विचारावं, कारण दुसऱ्याच्या सोयीने बसलेला हात आपल्या वेळेला आपलं ऐकत नाही.