इंदूचा फिरवलेला पाय

आसरेवाडीच्या माळावर, देवीच्या देवळामागे, धोंडीनाथ महाराजांची झोपडी होती. अंगावर घोंगडी, समोर धुनी आणि जिभेला धार. न विचारता शहाणपण सांगणाऱ्यांचा महाराजांना भारी तिटकारा, आणि आसरेवाडीत तेच पीक सर्वांत जोमदार!

महाराजांची झोपडी झाडणारी पारूबाई विधवा होती. तिच्या नऊ वर्षांच्या इंदूला उजव्या गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग निघाला. शहरातल्या डॉक्टरांनी वेगळाच उपाय सांगितला. गुडघ्यासकट रोगट भाग काढायचा, खालची पोटरी आणि पाऊल जिवंत ठेवून अर्धा फेरा फिरवायचं आणि वर मांडीला जोडायचं. टाच पुढे, बोटं मागे. मग घोटाच गुडघ्याचं काम करतो, आणि त्यावर कृत्रिम पाय चढवला की मूल पळूसुद्धा शकतं.

हे कळताच जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणे, पाय मुळापासूनच काढा. कुणी म्हणे, अंगारा लावा. कुणी तर तिच्या लग्नाची काळजी सुरू केली. देवस्थानचे मानकरी रंगराव चावडीवर उखडलेच. नवरात्रात नऊ कुमारिकांचे पाय धुण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. त्या नऊ जणींत दरवर्षी इंदू असायची, आणि आता ही बाई असलं काही करून बसणार!

"पारू, उलट्या पावलांची कोण असते, ठाऊक आहे ना? हडळ. ती पोर माझ्या पाटावर बसायची नाही."

"नका बसवू, दादा," पारूबाई थकून म्हणाली. "आधी तिला जगू तर द्या."

ती महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "पाऊल कुठं बघतंय याची चिंता गावाला. तुला पोर हवी ना? मग डॉक्टर सांगतील ते कर. मी इथं बसलोय."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास रंगराव झोपडीवर आले. महाराजच अशा गोष्टींना पाठिंबा देऊ लागले तर देवस्थानाची अब्रू काय राहणार, असं त्यांना ठणकावून विचारायचं होतं. अर्धं वाक्य झालं असेल, तोच महाराजांनी उजवा पाय पुढे केला.

"रंगा, बोलणं पुरे. हा चोळ."

रंगरावांनी पाऊल हातात घेतलं आणि दचकले. शेजारी धुनी धगधगत होती, तरी पाऊल बर्फासारखं गार. नखं निळी पडलेली. वैद्याला बोलावतो म्हणून ते उठू लागले.

"वैद्य त्यांच्या कामात आहेत. तू तुझं कर."

रंगराव चोळत राहिले. तेल झालं, गरम फडकी झाली. मनगटं भरून आली, सदरा घामाने चिकटला, घरी जेवण थंड होत होतं. कुठून आलो, असं त्यांना झालं. हात जरा सैल पडला की महाराज कडाडत, "थांबू नकोस!" साडेचारला पावलात ऊब आली. महाराजांनी पाय ओढून घेतला आणि म्हणाले, "जा आता, जेव." काय झालं, कशाने झालं, एक अक्षर नाही. रंगराव धुसफुसत घरी गेले.

नवरात्राच्या चार दिवस आधी पारूबाई इंदूला घेऊन आली ती थेट झोपडीवर. औषधोपचार अजून बाकी होते, पण पाय वाचला होता. नवरात्राच्या तयारीचं बोलायला आलेले रंगराव तिथेच बसले होते. इंदूला खाटेवर टेकवून पारूबाई महाराजांना सांगू लागली. त्या दिवशी पाय जोडून झाला, पण दोन वाजता पाऊल गार आणि निळं पडलं. डॉक्टरांनी रक्तवाहिनी पुन्हा जोडली, तरी रक्त उतरेना. पाचपर्यंत वाट पाहू, नाही तर पाय काढावा लागेल, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं.

"मग?" रंगरावांनी विचारलं.

"मग आली ऊब. डॉक्टरांनाही नवल वाटलं."

"किती वाजता, पारू?"

"साडेचारला, दादा. मी घड्याळाखालीच बसले होते."

रंगरावांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग त्यांनी फेटा उतरवला आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज वैतागून मागे सरकले.

"माझे कशाला धरतोस? तू चोळलास तो पाय तिकडे आहे."

रंगराव गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी गेले आणि इंदूच्या त्या फिरवलेल्या पावलावर त्यांनी कपाळ टेकलं. मागे वळलेली बोटं हलली.

"काका," इंदू हसू दाबत म्हणाली, "मिशा टोचतात."

रंगरावांनी डोकं उचललं नाही.