धनेशाचं पिल्लू आणि खारमावशी

फार मागे एका रानात धनेश पक्ष्यांचं जोडपं भांडून वेगळं झालं. एक दरीच्या अलीकडे राहिलं, एक पलीकडे. उडायला आलेल्या त्यांच्या पिल्लाने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं आणि खाणं सोडलं.

त्याच झाडावरची म्हातारी खार रोज फटीतून उंबर आत सरकवायची. विचारायची काहीच नाही. शेवटी पिल्लूच म्हणालं, "मावशी, ते माझ्यामुळे भांडले ना?"

"तू अंड्यात होतास तेव्हापासून ऐकतेय मी त्यांची भांडणं. मेल्यांनी कधी धड झोपू दिलं नाही."

पिल्लाला हसू आलं. मग त्याने चोचीने लिंपण फोडलं.

"मावशी, तुझे उपकार..."

"ते राहू दे. आधी पंख झटक, किती माती लागलीय."

आईबाप काही एकत्र आले नाहीत. पिल्लू दोघांकडेही जाई, आणि मुक्कामाला मावशीच्या झाडावर येई.