जात्याची वरची तळी

नवगावच्या बेने इस्राएल यहुद्यांमध्ये हनोखजींचा दबदबा मोठा. तोराह हा धर्मग्रंथ ते खड्या आवाजात वाचत आणि त्याचा तोराही मिरवत. विधवा रिबकाबाई लोकांची दळणं दळून घर चालवायची. तिनं हनोखजींकडून तांदूळ उसने घेतले, तेव्हा तारण म्हणून त्यांनी तिच्या जात्याची वरची तळीच उचलून नेली.

"आता दळू कशानं?" ती रोज विनवायची.

"आधी माझे तांदूळ आण," एवढंच उत्तर मिळायचं.

शेवटी ती वैतागली. एका दुपारी हनोखजी जेवायला बसले, तोच ती सासूला आणि मुलांना घेऊन त्यांच्या पानाशेजारी येऊन बसली.

"हे काय चाललंय?" हनोखजी ओरडले.

"शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेत तोराहमधून तुम्हीच वाचलंत ना, जात्याची तळी गहाण घेणारा माणसाचा जीवच गहाण घेतो? आमचे जीव तुमच्याकडे आहेत, मग नुसती शरीरं घरी ठेवून मी काय करू? आणि गहाणाची वस्तू सांभाळायची ती सावकारानंच. वाढा आता!"

हनोखजींनी कपाळावर हात मारला. भरल्या पानावरून उठून, तळी खांद्यावर घेऊन ते भर उन्हात तिच्या घराकडे निघाले.

रिबकाबाईही मुलांना घेऊन उठली. सासूबाई मात्र जेवूनच उठल्या.