सगळ्यांचा बांबू

काळगडावर 'का?' असं विचारायला बंदी होती. जो विचारेल त्याला कड्याच्या टोकाशी उभं करत आणि गावातले म्हातारे एकच लांब बांबू धरून त्याला खाली ढकलत. सगळ्यांचे हात लागले की पाप कुणा एकाचं नाही, अशी त्यांनी स्वतःची सोय लावून घेतली होती.

या वेळी टोकाशी भिवरा उभी होती. बांबू धरणाऱ्यांत तिचा बापही होता, मान खाली घालून.

"शेवटचं काही बोलायचंय?" किल्लेदाराने जांभई देत विचारलं. त्याचा नायब शेजारीच उभा होता.

"सरकार, या म्हाताऱ्यांना एवढंच विचारा. उद्या तुमच्या गादीवर हे नायब बसले आणि म्हणाले, जुन्या किल्लेदाराला ढकला, तर हे ढकलतील का?"

"काय रे थेरड्यांनो?" किल्लेदार खेकसला. "ढकलाल?"

जन्मभर एकच उत्तर दिलेलं. सगळे एका सुरात म्हणाले, "हुकूम असेल तर, जी सरकार!"

किल्लेदाराने नायबाकडे पाहिलं. नायब घाईघाईने आभाळ बघू लागला. मग किल्लेदाराने बांबूची लांबी नजरेने मोजली आणि तो कड्यापासून चार पावलं मागे सरला.

"तोडा तो बांबू! ही शिक्षा आजपासून बंद!"

म्हाताऱ्यांनी बांबूही तितक्याच मुकाट्याने तोडला. बाप धावत आला.

"वाचलीस गं पोरी!"

"तुमच्यामुळेच, तात्या," भिवरा म्हणाली. "तुम्ही कुणालाही ढकलाल, हे त्याला आज पटलं."