काढून टाकलेली ओळ

“चूक कुठे आहे तेवढंच सांगा आबा. बाकीचं मी बघून घेतो.”

निनाद कर्णिक हे पायरीवर उभ्या उभ्याच म्हणाला. पाठीला लॅपटॉपची पिशवी, हातात घडी घातलेली पांढरी काठी. त्याला बसायलाही सवड नव्हती.

आबा मढवी ओसरीवर वाल सोलत बसले होते. भिजलेला वाल दोन बोटांत धरायचा, हलकेच दाबायचा, डाळिंबी ताटात, साल परातीत. त्यांना दिसत नव्हतं, पण साल कधी ताटात पडलं नाही.

“बस,” आबा म्हणाले.

रोह्यातल्या आंधळ्या मुलांना कॉम्प्युटर शिकवण्यात आबांचं निम्मं आयुष्य गेलं. निनाद त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे निनादलाही ठाऊक होतं, आणि ते लपवण्याचे कष्ट तो घेत नसे. पुण्याच्या कंपनीत त्याच्या हाताखाली डोळस माणसं काम करत.

तो बसला.

प्रकरण साधं होतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. काय वाचायचं, काय गाळायचं, कुठलं बटण दाबल्यावर काय करायचं, हे त्याला आपल्या कामापुरतं शिकवता येतं. त्या शिकवणीला म्हणायचं स्क्रिप्ट.

धर्मादाय दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर शैला वाकडे बसत. त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी आबांनी कधीकाळी जुन्या रीडरच्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या, त्यांच्या शेजारी स्टूल टाकून, अख्खा एक हिवाळा. यंदा दवाखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना रीडर त्यांवर चालेना. नवा आणला, तर त्याची भाषाच निराळी. आबांच्या स्क्रिप्ट त्या भाषेत नेऊन बसवायचं काम निनादकडे आलं.

त्याने ते चटकन केलं. चांगलंही केलं. कुणीही तपासावं.

आणि मंगळवारी एक म्हातारा खिडकीशी म्हणाला, छातीत दुखतंय. शैलाताईंना ते ऐकूच गेलं नाही. गावच्या आरोग्य केंद्रातून आलेल्या नोंदीत डोळ्यांची तक्रार होती, म्हणून त्यांनी त्याला डोळ्यांच्या रांगेत पाठवलं. तो रांगेत कोसळला. वाचला, हे नशीब.

दवाखान्याचे व्यवस्थापक गुर्जर साहेब यांनी सांगून टाकलं होतं: उद्या सकाळी मी स्वतः खिडकीमागे उभा राहणार. गडबड दिसली, तर बाईंनी उठायचं आणि धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालायच्या. खिडकीवर डोळस माणूस बसेल.

“शैला काय म्हणते?” आबांनी विचारलं.

“म्हणतात, माणसं ऐकू येईनाशी झालीत.”

“मग?”

“मग मी रीडरचा आवाज कमी केला. तरी तेच. वेग कमी केला. तरी तेच.” निनादने आवाज खाली आणला. “आबा, राग मानू नका. त्यांचं वय झालंय. नवीन झेपत नाही.”

आबांनी एक वाल सोलला.

“तू काय काय नेलंस?”

“सगळं. एकूण एक स्क्रिप्ट.” निनाद जरा सैल होऊन बसला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. “उलट सुधारणा केल्या. तुम्ही ‘केसपेपर’ शब्द दर वेळी दोनदा वाचायला लावला होता, तो एकदा केला. वय सांगताना ‘वर्षे’ काढलं. आणि नावानंतर तुमची स्क्रिप्ट अडून बसायची…”

“अडून?”

“नाव वाचलं की गप्प. स्पेसबार दाबल्याशिवाय पुढे सरकायचीच नाही. जुना रीडर मंद होता, पुढची माहिती आणायला वेळ घेत असेल, तुमचाही नाइलाज होता. मी समजू शकतो. नव्याला त्याची गरज नाही. ती ओळ काढून टाकली. आता नाव, गाव, वय, तक्रार, विभाग, सगळं एका दमात. माणशी एक बटण वाचलं.”

आबांचे हात थांबले.

“वाचलेल्या वेळात शैला काय करते?”

“म्हणजे?”

आबांनी भिजलेल्या वालांचं पातेलं थोडं त्याच्याकडे सरकवलं.

“सोल.”

निनाद सोलू लागला. घाईघाईने. पहिल्याच वालाचा चिखल झाला. दुसरा सालासकट निसटून अंगणात गेला.

“आबा, माझ्याकडे फक्त आजचा दिवस आहे.”

“मशीन उघड,” आबा म्हणाले. “तू शैला. मी पेशंट.”

निनादने लॅपटॉप मांडीवर घेतला. सरावासाठी खोट्या नोंदी होत्याच, त्यात त्याने आबांची भर घातली. हेडफोन दोन्ही कानांवर चढवले.

“एक कान माझ्याकडे. शैला एक कान उघडा ठेवते.”

त्याने एक कान मोकळा केला आणि नोंद उघडली. रीडर निनादच्या नेहमीच्या वेगात सुरू झाला. परक्या माणसाला तो वेग म्हणजे पोपटाला ठसका लागल्यासारखा वाटेल. मढवी आबा, गाव अष्टमी, एकाहत्तर, गुडघेदुखी, अस्थिविभाग…

मध्येच आबा काहीतरी म्हणाले. हळू.

“काय म्हणालात?”

आबा वाल सोलत राहिले.

“आबा, काय म्हणालात?”

“म्हणालो.”

“पुन्हा सांगा ना!”

“मंगळवारच्या म्हाताऱ्याने पुन्हा सांगितलं होतं?”

निनाद म्हणाला, “रीडर हवा तेव्हा गप्प करता येतो. कंट्रोल दाबला की झालं. शैलाताईंना कुणी अडवलंय?”

“बरं. तू दाब.”

नोंद पुन्हा उघडली. या खेपेला निनादने बोट कंट्रोलवरच ठेवलं होतं. एका कानात आबांचं नाव-गाव सांगणारा रीडर, दुसऱ्या कानाने आबांच्या श्वासाची चाहूल. आबा गप्प होते. रीडर गुडघ्यापर्यंत पोचला आणि आबा बोलले. निनादने बटण दाबलं.

“…होतंय,” एवढंच हाती लागलं.

“काय होतंय?”

अंगणातल्या शेवग्यावर कावळा ओरडला. आबांनी सालांची परात झटकली.

“माणूस बोलणार आहे हे आधी कसं कळायचं?” निनाद वैतागून म्हणाला. म्हणाला आणि थांबला.



त्याने लॅपटॉपवर आबांची जुनी स्क्रिप्ट काढली. रीडरला तिच्यातून एकेक ओळ वाचायला लावली. नाव वाच. मग ती ओळ. स्पेसबार येईपर्यंत थांब. मग गाव.

थांब, एवढंच. किती वेळ, ते लिहिलेलं नव्हतं.

निनादला लाज वाटली. त्याच्या लहानपणी शैलाताई त्याच्यासाठी खिडकीतून चिंचेच्या गोळ्या बाहेर सरकवत, आणि काल तो त्यांच्या तोंडावर म्हणाला होता की जरा सराव वाढवा. त्या ‘बरं’ म्हणाल्या होत्या. नुसतं ‘बरं’.

लाज वाटली की माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो.

“पण तुम्ही इथे टीप का नाही लिहिलीत? कारण नको का लिहायला? पुढे कुणाच्या तरी हातात स्क्रिप्ट जाते, त्याने काय समजायचं?”

“चुकलंच,” आबा म्हणाले.

निनादला हे अपेक्षित नव्हतं.

“पण तुझ्याइतका हुशार कुणी येईल असं वाटलं नव्हतं रे तेव्हा.”

निनाद हसला. हसावं लागलं. मग त्याने ती ओळ नव्या रीडरच्या भाषेत लिहिली.

“किती थांबवू आबा? दोन सेकंद ठेवतो. नाही तर तीन?”

आबांनी पुढचा वाल उचलला.

“बरं. होती तशीच ठेवतो. बटण दाबेपर्यंत.”

“हं.”

“आणि टीप? टीप काय लिहू?”

“जमली तर लिही.”

निनाद टीप लिहायला बसला. एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, ते मोठं झालं, तेही खोडलं. आबांची डाळिंबी सोलून झाली, त्यांनी ताट आत नेऊन दिलं, हात धुतले, परत येऊन बसले. टीप काही झाली नाही. शेवटी त्याने ती जागा कोरी ठेवली आणि लॅपटॉप मिटला.

“दुखतोय तो गुडघाच ना आबा?” जाताना त्याने विचारलं. “मघाशी काय होतंय म्हणालात?”

“उद्या मीही येतो खिडकीवर,” आबा म्हणाले.

सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच निनादने नवी स्क्रिप्ट शैलाताईंच्या मशीनवर चढवली. काय बदललं ते त्याने सांगितलं नाही. शैलाताईंनी एक नोंद उघडून पाहिली. नाव आलं, आणि पुढे काही नाही. त्यांनी मान थोडी तिरकी केली, बोट स्पेसबारवर नुसतं टेकवलं.

“आलं का परत?” त्या म्हणाल्या.

“आलं,” निनाद म्हणाला.

गुर्जर साहेब येऊन खिडकीमागे उभे राहिले. वेळेवर आले, बूट वाजवत आले. आबा आणि निनाद भिंतीकडच्या बाकावर बसले.

पहिली एक बाई होती, कडेवर मुलगी. शैलाताईंनी नोंद उघडली, हेडफोनमध्ये नाव आलं असणार, कारण त्यांनी ते मोठ्याने म्हटलं.

“भोईर कमल?”

“व्हय.”

शैलाताई गप्प. बोट बटणावर, पण दाबलं नाही. चेहरा बाईच्या दिशेला.

बाईही गप्प…

रांग खोकली. कुणाची तरी पिशवी खाली पडली.

“बंद पडलं का हो हे?” गुर्जर साहेब पुढे वाकले. “वाकडेबाई, बंद पडलं का?”

शैलाताईंनी डावा हात वर केला. साहेबांना गप्प करणारा हात या दवाखान्यात आजवर कुणी वर केलेला नव्हता. निनादने बाकाची कड घट्ट धरली. चादरींच्या घड्या त्याला दिसू लागल्या. आंधळ्या माणसाला जशा दिसतात तशा, ओल्या साबणाच्या वासासकट.

अजून गप्प…

“बाय,” खिडकीपलीकडची म्हणाली, आवाज इतका खाली की निनादला मान पुढे काढावी लागली, “कागदावर माज्या खरजेचा लिवलाय. माजा ऱ्हाऊं दे. ही पोर… कालपास्ना पानी नाय पीत. हाक मारली तरी डोला उघडीत नाय.”

शैलाताईंनी स्पेसबार दाबलाच नाही. त्यांनी फोन उचलला.

“मुलांच्या वॉर्डातून कुणाला तरी पाठवा. धावत या. खिडकीवर.” मग बाईला म्हणाल्या, “इथेच थांबा कमलताई. रांगेत नाही जायचं. पोरीचं नाव काय?”

नर्स आली. मुलीला घेऊन गेली. बाईची चप्पल मागे राहिली, ती रांगेतल्या कुणीतरी उचलून नेऊन दिली.

शैलाताईंनी हेडफोन सारखा केला आणि पुढची नोंद उघडली. नाव म्हटलं. थांबल्या. पुढच्याला फक्त चष्मा हवा होता, तो लगेच तसं बोलला. त्यांनी स्पेसबार दाबला.

गुर्जर साहेब बराच वेळ मागे उभे राहिले. बूट वाजले नाहीत. मग ते बाकाजवळ आले आणि निनादच्या पुढ्यात थांबले. मघापेक्षा आवाज बराच खाली होता.

“नवीन प्रोग्रॅम चांगला आहे. बाई बसतील इथेच. पण एक सांगा, मघाशी ते मध्येच बंद पडलं होतं. ना बोलणं, ना काही. तेवढं तपासून घ्या.”

निनादने सांगायला तोंड उघडलं. स्क्रिप्ट, स्पेसबार, ती ओळ, सगळं ओठांवर आलं होतं.

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नाही साहेब,” आबा म्हणाले. “तेव्हाच चालू होतं.”